हौशी हातांची करवत

जत्रेला येणाऱ्या माणसांचे मराठीने तीन वर्ग पाडले आहेत: हौसे, नवसे आणि गवसे. नवस फेडायला आलेल्याची नोंद देवस्थानच्या वहीत राहते. काही गवसते का म्हणून हिंडणाऱ्याची नोंद कधीकधी पोलिसांच्या वहीत होते. हौशी माणसाची नोंद मात्र कोणीच ठेवीत नाही. कारागिरीच्या इतिहासातही बहुतेक असेच घडले आहे. राजाश्रय लाभलेले कसबी, मठांतील कलावंत, मोठे कारखानदार यांचे इतिहास लिहिले गेले. परंतु दिवसभराचे काम आटोपल्यावर, दिव्याच्या उजेडात, कोणी दमडीही देणार नसताना लाकूड कापीत बसलेल्या माणसाची आठवण फार थोड्यांनी ठेवली. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका हौशी कलेचा मागोवा घेणार आहोत.

ही कला म्हणजे बारीक करवतीने पातळ फळीत नक्षी कापणे. शाळेतील हस्तव्यवसायाच्या तासामुळे अनेकांना ती 'फ्रेटवर्क' या नावाने ठाऊक आहे. तिच्या यंत्राला 'स्क्रोल सॉ' म्हणतात. आपण तिला जाळीकाम म्हणू. तिचे हत्यार साधे आहे. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी एक खोल लोखंडी चौकट, तिच्या दोन टोकांमध्ये ताणून बसविलेले सुमारे पाच इंचांचे सुतळीहून बारीक पाते, आणि खाली एक मूठ. फळीला आधी लहान भोक पाडायचे, पाते एका टोकाकडून सोडवून त्या भोकातून ओवायचे, पुन्हा ताणून बसवायचे आणि आतल्या आत नक्षी कापायची. साध्या करवतीला फळीच्या कडेपासून सुरुवात करावी लागते; ही करवत कडेला धक्का न लावता फळीच्या पोटात शिरते. जाळीकामाचे सारे सामर्थ्य या एका युक्तीत आहे.

ही युक्ती कोणी शोधली यापेक्षा आम्हांस दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याला गुरू नाही, ज्याच्यापुढे पोटाचा प्रश्न म्हणून हे काम नाही, असा माणूस ही कला शिकला कसा? आणि शिकल्यावर तो सुधारला कसा?

मठातील गुरू आणि शिष्य

लाकडाच्या तुकड्यांतून चित्र उभे करण्याची कला पंधराव्या शतकातील इटलीत भरास आली. तिला 'इंतार्सिया' म्हणतात. निरनिराळ्या रंगांची लाकडे कापून, एकमेकांत बसवून, त्यांतून नगरे, पक्षी, वाद्ये, अर्धवट उघडी कपाटे अशी दृश्ये रचली जात. या कलेचे एक श्रेष्ठ नाव एका संन्यस्त बंधूचे आहे. फ्रा जोव्हानी दा व्हेरोना हे ऑलिव्हेतन संघाचे बंधू इ. स. १४५७ च्या सुमारास जन्मले आणि १५२५ साली निवर्तले. त्याच संघातील फ्रा सेबास्तियानो दा रोव्हिन्यो यांच्या हाताखाली ते शिकले. सिएना शहराजवळच्या मोंते ओलिव्हेतो माज्जोरे येथील मातृमठात, धर्मबंधू प्रार्थनेसाठी ज्या आसनांवर बसतात त्या आसनांच्या पाठींवर त्यांनी १५०३ ते १५०५ या काळात जी दृश्ये बसविली ती आजही पाहावयास मिळतात. लाकडाला उकळलेल्या रंगांनी व मुरणाऱ्या तेलांनी छटा देण्याची त्यांची रीत चरित्रकार वासारी याने आवर्जून नोंदविली आहे.

त्या काळी हे तुकडे प्रामुख्याने सुरीने आणि पटाशीने कापले जात. शिकण्याची रीत ठरलेली होती. ज्येष्ठ बंधू करीत असलेले काम कनिष्ठाने वर्षानुवर्षे जवळून पाहायचे, त्याच्या हाताखाली हात घालायचा आणि प्रार्थनेच्या तासांमधल्या वेळात ते काम पुढे न्यायचे. येथे घाई नव्हती, कारण माल विकायचा नव्हता. आजचा हौशी कारागीर मठात राहत नाही. पण विक्रीच्या घाईवाचून शिकण्याचा जो अवकाश त्या बंधूंना लाभला होता, तो त्याच्याही वाट्याला येतो. या दृष्टीने तो व्यापारी कारखान्यापेक्षा मठाच्या अधिक जवळचा आहे.

पाते बारीक झाले, दार मात्र बंद राहिले

सोळाव्या शतकात युरोपातील घड्याळजी पोलादाच्या पातळ, लवचिक पट्ट्या करू लागले होते. तशाच पोलादाची दातेरी पाती निघू लागली आणि सुरीचे बरेचसे काम करवतीकडे आले. त्यामुळे कामाची रीतच पालटली. सुरी एका वेळी एकच पातळ फळी कापते; करवतीखाली फळ्यांची चळत ठेवता येते.

या गोष्टीचा सर्वांत प्रसिद्ध लाभ फ्रान्सच्या आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या राजकारागिराने उठविला. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पातळ तुकडा एकमेकांवर ठेवून तो दोन्ही एकदमच कापी. मग पितळेची वेलबुट्टी कासवाच्या काळसर भूमीत बसे, आणि उरलेल्या पितळी भूमीत कासवाची वेलबुट्टी बसे. एका कापणीत दोन चित्रे, एक दुसऱ्याचे उलट. त्याचे नाव या कामाला असे चिकटले की इंग्रजीत बारीक करवतीलाही कित्येक वर्षे 'बूलची करवत' म्हणत असत.

परंतु ही विद्या सर्वांसाठी नव्हती. पॅरिसमध्ये सुतारांचा व जडावकाम करणाऱ्यांचा संघ होता. त्याची उमेदवारी केल्यावाचून आणि त्याचे शुल्क भरल्यावाचून कोणाला स्वतंत्र धंदा करता येत नसे. संघामुळे कामाचा दर्जा टिकला हे खरे. पण हुन्नर पित्याकडून पुत्राकडे आणि उस्तादाकडून उमेदवाराकडेच जात राहिला. १७९१ साली फ्रान्समधील हे व्यवसायसंघ कायद्याने मोडले. दार मोकळे झाले, तरी आत पाऊल टाकायला आणखी दोन गोष्टींची गरज होती. एक म्हणजे कारागीर नसलेल्या माणसाच्या हाती थोडा रिकामा वेळ, आणि दुसरी म्हणजे गुरूवाचून शिकविणारे काही साधन.

सुट्टीचा दिवस

एकोणिसाव्या शतकात यंत्रयुगाने माणसाचा सारा दिवस गिळला होता. तो थोडा थोडा परत मिळविण्यासाठी कामगारांना झगडावे लागले. इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुले यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबू लागले. पुढे अर्ध्या शनिवारची ही चाल इतर धंद्यांत पसरली.

आपल्याकडील हकीकत मराठी वाचकाला परकी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी रविवारच्या विश्रांतीचा कामगाराचा हक्क ठामपणे मांडला. आणि विश्रांती म्हणजे नुसता आळस किंवा उधळपट्टीची संधी असे समजू नये, ती धर्माने पवित्र झालेली असावी, असेही बजावले.

गिरणीत राबणाऱ्या मुंबईकराच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात करवत चालविण्याजोगी जागा नव्हती, आणि त्या सुट्टीचा बराचसा भाग घरच्या कामातच जाई, हे विसरून चालणार नाही. तरीही छंदाचा इतिहास सुट्टीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. ज्याचा सगळा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा आहे त्याला छंद असू शकत नाही.

नमुन्याचा कागद

गुरूची जागा घेणारे साधन निघाले ते म्हणजे छापील नमुन्याचा कागद. १८७० च्या दशकात अमेरिकेत जाळीकामाची मोठी लाट आली. इटलीतील सोरेंटो हे गाव लाकडी जडावकामाच्या पेट्यांसाठी प्रवाशांत प्रसिद्ध होते. त्यावरून अमेरिकन हौशी मंडळी आपल्या कामाला 'सोरेंटो' असेच म्हणू लागली. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंच्या कारखान्याने पायाने चालणारी करवतयंत्रे बनविली. शिवणयंत्रासारखी पायपट्टी दाबली की पाते वर-खाली होई आणि दोन्ही हात फळी फिरवायला मोकळे राहत.

इंग्लंडमध्ये या छंदाचे केंद्र बनले ते नॉरफक परगण्यातील डेरहम हे लहानसे गाव. तेथील जॉन हेन्री स्किनर यांच्या लाकडाच्या व्यवसायातून 'हॉबीज' ही कंपनी उभी राहिली आणि १८९५ साली तिने त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले. अंकासोबत जाळीकामाचा पूर्ण आकाराचा नमुना फुकट मिळे. तो फळीवर चिकटवायचा आणि रेघेवरून कापायचे. कंपनी करवती विकी, पाती विकी, पायाची यंत्रे विकी. एखाद्या नमुन्याला लागतील तेवढ्या रंधलेल्या फळ्यांचा गठ्ठाही विकी. हे साप्ताहिक पुढे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत चालले.

यात कंपनीचा व्यापार होता हे उघड आहे. परंतु त्या कागदाने आणखी एक गोष्ट साधली. पॅरिसच्या संघाने जी विद्या उंबरठ्याच्या आत राखली होती ती टपालाने कारकुनाच्या, शिक्षकाच्या, शाळकरी मुलाच्या घरी जाऊ लागली. आधी सरळ रेघांची भिंतीवरची फळी, मग तसबिरीची चौकट, मग वेलबुट्टीची पेटी, आणि हात पुरता बसला की मनोरे-कमानींनी भरलेले घड्याळाचे घर, अशा पायऱ्या चढत माणूस एकट्याने शिकू शकत होता. गुरू दिसत नव्हता, पण त्याने क्रम लावून दिला होता.

रेघ आणि हात

मात्र नमुन्याचा कागद रेघ देतो, हात देत नाही. ज्याने ही करवत कधी धरली आहे त्याला पहिल्या दिवसाचा अनुभव निराळा सांगावा लागत नाही. रेघ उजवीकडे वळते आणि पाते सरळ जाते. माणूस जोर लावतो. पाते वाकते, कापाची बाजू तिरकी होते आणि अखेर 'टण्' असा आवाज करून पाते तुटते. नवशिक्याला वाटते की पाते वाईट आहे. क्वचित तसे असतेही. बहुधा दोष दुसरीकडे असतो.

शिकण्याचा पहिला टप्पा ताण ओळखण्याचा. पाते सैल असेल तर ते भटकते. फार ताणले तर तुटते. नीट ताणलेल्या पात्याला बोटाने छेडले तर तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ सूर निघतो, आणि अनुभवी माणूस त्या सुरावरूनच ताण ठरवितो. दुसरा टप्पा दात्यांची दिशा. हाताच्या करवतीत दाते मुठीकडे, म्हणजे खाली, असावे लागतात. खाली ओढताना कापायचे आणि वर जाताना नुसते सरकायचे. दाते उलटे बसले तर कापताना फळी उचलली जाते आणि वरचे तोंड फाटते. तिसरा टप्पा पात्याची निवड. पातळ फळीला बारीक दात्यांचे पाते, जाड फळीला मोठ्या दात्यांचे. एका वेळी निदान दोन-तीन दाते लाकडात असावेत, नाहीतर पाते अडखळते.

सर्वांत अवघड धडा वळणाचा आहे. नवशिका करवत वळवू पाहतो. वास्तविक करवत एकाच जागी, उभी, वर-खाली चालत राहिली पाहिजे; वळवायची असते ती फळी. तीव्र कोपऱ्यावर पुढे जाणे थांबवायचे, पाते जागच्या जागी चालू ठेवायचे आणि फळी त्याच्याभोवती सावकाश फिरवायची. जोर करवतीवर पडता कामा नये. लाकूड पात्याला दिले पाहिजे. पाते लाकडात खुपसून भागत नाही. हा धडा वाचून समजायला एक मिनिट लागते आणि हातात उतरायला कित्येक महिने जातात.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आतली भोके आधी कापायची, बाहेरची कड सर्वांत शेवटी. असे केले म्हणजे फळीचा धडधाकट भाग शेवटपर्यंत हाताशी राहतो आणि नाजूक जाळीला आधार मिळतो. ज्याला बाह्य आकार लवकर पाहण्याची घाई असते तो आधी कड कापतो, आणि मग आतली नक्षी कापताना तीच जाळी त्याच्या बोटांत मोडते. आम्हांस वाटते, संसारातही हा नियम अनेक ठिकाणी लागू पडेल. पण तो विस्तार वाचकांवरच सोपवितो.

टीकाकारांचे म्हणणे

या छंदाची निंदाही पुष्कळ झाली, आणि ती सगळीच अन्यायाची नव्हती. छापील नमुन्यामुळे हजारो घरांत एकाच वेलबुट्टीच्या चौकटी लटकू लागल्या. धूळ साठविणारी निरुपयोगी शोभा असे तिचे वर्णन होऊ लागले. दुसऱ्याच्या रेघेवरून कापणारा माणूस कलावंत कसा, असाही प्रश्न विचारला गेला.

इंग्रज विचारवंत जॉन रस्किन याने 'व्हेनिसचे पाषाण' या ग्रंथाच्या १८५३ सालच्या दुसऱ्या खंडात एक विचार मांडला होता. कामगाराकडून निर्दोष, यंत्रवत सफाईची मागणी करणे म्हणजे त्याला हत्यार बनविणे होय. माणसाच्या कामात चुका दिसणे हे तो जिवंत असल्याचे लक्षण आहे, असा त्याचा आशय होता. त्याची तुला लावली तर जाळीकामाच्या वाट्याला निंदाही येते आणि बचावही. नमुन्याची आंधळी नक्कल करणारा हात यंत्रच होतो. पण त्याच नमुन्यावर जो हात काल तिरका गेला आणि आज सरळ जातो, त्या हातामागे एक मन जागे असते. हौशी माणसाची सुधारणा कपाटातल्या वस्तूंवरून मोजू नये. पहिल्या आणि दहाव्या कामातील अंतरावरून मोजावी. पुढे तो स्वतःची रेघ काढू लागतो. आपल्याकडे गाण्याच्या शिक्षणात आधी गुरूची बंदिश घोटतात, उपज त्यानंतर येते. मराठीत 'छंद' हा शब्द आवडीच्या उद्योगाला लावतात आणि कवितेच्या वृत्तालाही. बंधन पाळता पाळता मोकळे होणे दोहोंतही आहे.

विजेचे यंत्र

विसाव्या शतकात या कलेत वीज आली. हर्बर्ट टाउट्झ यांनी १९१९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुरू केलेल्या डेल्टा कंपनीने घरगुती कारागिरांसाठी लहान करवतयंत्रे काढली. पुढे इतरांनीही काढली. जुन्या यंत्रांत पाते खालून ओढले जाई आणि वरच्या स्प्रिंगने परत खेचले जाई. त्यामुळे ताण सारखा राहत नसे व पाती वरचेवर तुटत. दुसऱ्या महायुद्धानंतर करमणुकीची नवी साधने घरात आली आणि छंदाला ओहोटी लागली.

१९७० च्या दशकात जर्मनीच्या हेग्नर कंपनीच्या यंत्राने चित्र पालटले. यात दोन समांतर भुजा एकत्र वर-खाली होतात आणि पाते त्यांच्यामध्ये सतत सारख्या ताणात राहते. कापाची बाजू इतकी गुळगुळीत निघू लागली की पॉलिश पेपरचे काम पुष्कळ कमी झाले. अमेरिकेत लाकूडकामाचे शिक्षक राहिलेले पॅट्रिक स्पीलमन यांनी १९८६ साली 'स्क्रोल सॉ हँडबुक' हा ग्रंथ लिहून नव्या यंत्राची रीत सोप्या शब्दांत समजावली. छंदाला पुन्हा बहर आला.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. सुरीकडून हातकरवतीकडे, तिच्याकडून पायाच्या यंत्राकडे आणि त्यावरून विजेकडे हत्यार सुधारत गेले. प्रत्येक सुधारणेने कष्टाचा थोडा वाटा उचलला. मात्र फळी सावकाश फिरविण्याचा धडा कोणत्याही यंत्राने माफ केला नाही. यंत्र जितके चांगले, तितका हाताचा दोष अधिक उघडा पडतो; कारण आता पात्याकडे बोट दाखविता येत नाही.

आपल्या अंगणात

जाळी ही वस्तू आपल्या देशाला नवी नाही. दगडातील आणि लाकडातील जाळ्यांची परंपरा येथे फार जुनी आहे. म्हैसूरचे कारागीर शिसवी लाकडात निराळ्या रंगांची लाकडे जडवून चित्रे करतात. त्यांचे तुकडेही बारीक करवतीने कापले जातात. मुंबईत गिरगावच्या खोताची वाडीत किंवा वांद्र्याच्या रनवार गावठाणात उरलेली जुनी ख्रिस्ती घरे पाहावीत. त्यांचे लाकडी सज्जे, बाहेरचे जिने आणि नक्षीदार कठडे करणाऱ्या सुतारांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

ते काम पोटासाठी केलेले होते, आणि त्यामुळे त्याचे मोल तिळभरही कमी होत नाही. पण हौसेने लाकूड कापणे आपल्याकडे रुजायला वेळ लागला, याचे कारण निराळे आहे. सुतारकी बारा बलुत्यांपैकी एकाची, एका जातीची, मानली गेली. शिकलेल्या घरातील मुलाने करवत हाती घेणे म्हणजे खालची पायरी उतरणे असा समज झाला. हा समज ख्रिस्ती घरांच्या उंबऱ्यावर थांबला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपणही मुलाला दहावीत कमी गुण पडले म्हणजेच हाताच्या कामाकडे धाडतो, आणि चांगले गुण पडले तर त्याच्या हातून हातोडी काढून घेतो.

या समजावर घाव घालण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि 'नयी तालीम' पुढे आली. हाताचा उद्योग हाच शिक्षणाचा गाभा असावा, असा तिचा आग्रह होता. आणि झाकीर हुसेन समितीने सुचविलेल्या मूलोद्योगांत सुतारकामही होते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळांसाठी कार्यानुभवाची शिफारस केली. पुष्कळ शाळांत तो तास परीक्षेच्या गुणांखाली दबून गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तरावाचून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कसब्यांजवळ शिकावे असे सुचविले आहे. नव्वद वर्षांपूर्वीचाच विचार पुन्हा दारी आला आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

ख्रिस्तसभेला तर या बाबतीत शिकायला दूर जावे लागत नाही. नाझरेथचे लोक प्रभू येशूला सुताराचा पुत्र म्हणून आणि स्वतः सुतार म्हणूनही ओळखत होते, हे मत्तय व मार्क या शुभवर्तमानकारांनी नोंदवून ठेवले आहे. ती ओळख त्यांनी हिणवण्यासाठी वापरली होती, हेही विसरू नये. संत जॉन बॉस्को यांनी ट्युरिन शहरातील वाल्दोक्को येथे अनाथ मुलांसाठी कार्यशाळा काढल्या, त्यांत १८५६ साली सुतारकामाची शाळा सुरू झाली. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून ठरविला. आपल्या कित्येक मंदिरांत हातात करवत किंवा रंधा घेतलेल्या योसेफाच्या तसबिरीपुढे आपण मेणबत्ती लावतो. त्या तसबिरीतील हत्यार मात्र आपल्या घरातून नाहीसे झाले आहे.

आता एक नवा प्रश्न

आज लेझरचे यंत्र संगणकातील आकृतीवरून प्लायवूडची जाळी काही मिनिटांत कापून देते. कापाची कड एकसारखी येते, पाते तुटत नाही. नाताळच्या दिवसांत अशा कापीव गोठ्यांनी आणि ताऱ्यांनी बाजार भरतो. मग महिनोन्महिने करवतीशी झगडून वाकडातिकडा देवदूत कापण्यात काय अर्थ आहे?

वस्तूच हवी असेल तर काहीच अर्थ नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. परंतु आतापर्यंतचा इतिहास पाहिला तर हौशी माणसाने वस्तूसाठी करवत कधीच धरली नव्हती. बाजारात चौकटी मिळत असतानाच डेरहमचा नमुना हजारो लोकांनी फळीवर चिकटविला. त्यांना हवा होता तो आपला स्वतःचा हात. कालच्याहून आज सरळ जाणारा हात पैशाने विकत मिळत नाही आणि वारशानेही लाभत नाही. गरीब-श्रीमंत, पदवीधर-अशिक्षित अशा प्रत्येकाला त्यासाठी तेच तीन-चार धडे आरंभापासून गिरवावे लागतात, आणि प्रत्येकाचे पाते सुरुवातीला तुटतेच. मोठ्या वयात पुन्हा नवशिके होण्याची लाज न वाटणे ही लहान गोष्ट नाही. बालकांसारखे व्हा, असे ज्यांना सांगितले गेले आहे त्यांनी तरी ती लहान मानू नये.

आणखी एक गोष्ट आम्हांस येथे सुचवावीशी वाटते. छापील नमुन्याने गुरूची उणीव भरून काढली, पण पूर्णपणे नाही. कोणत्याही रेघेला हाताचा ताण दुरुस्त करता येत नाही. ते काम शेजारी बसलेला माणूसच करू शकतो. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त झालेले सुतार आहेत, गिरण्या व कारखाने बंद पडल्यावर घरी बसलेले कसबी फिटर आहेत. त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच निघून चालली आहे. त्याच धर्मग्रामांत आगमनकाळाच्या चार आठवड्यांत गोठा कसा करावा म्हणून खटपट करणारी तरुण मुले आहेत. या दोघांची गाठ पडायला फार पैसा लागत नाही. मंदिराच्या सभागृहात एक बाक, चार करवती, पातळ प्लायवूड आणि पात्यांची एक जुडी एवढे पुरते. पहिल्या वर्षी मेंढराचे पाय मोडतील. ते खळीने चिकटवावेत आणि तसेच गव्हाणीजवळ ठेवावेत. दुसऱ्या वर्षी कोणाच्या तरी हाताखाली फळी सावकाश फिरू लागेल, आणि शेजारचे धाकटे मूल ते पाहत उभे राहील.